कळीचा चुना

सारेमा बेटावर हेल्डुर भट्टी लावतो
वर्षातून एकदाच, जूनमध्ये, जेव्हा रात्र
नुसता डोळा लावते आणि उठते.
चार दिवस झोपायचं नाही.
लेक वाइके ओंडके पुरवते, मी मोजतो.
सालमेबाई धुरी दिलेला मासा, काळा पाव
फडक्यात बांधून आणतात,
उंबऱ्याशी टेकतात, खोकतात.

दगड साधाच. राखाडी, पाटीएवढा.
फोडला की आत शिंपल्याची कड, प्रवाळाची जाळी,
समुद्रकमळाच्या देठाच्या चकत्या,
सदऱ्याच्या बटणांसारख्या.
त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे बेट नव्हतं,
उथळ कोमट पाणी होतं, विषुववृत्ताच्या आसपास कुठेतरी,
आणि पाण्यात विरलेली हवा
कुणी मऊ जीव अंगाभोवती लिंपत बसला होता.
घर म्हणून.
आपण काही साठवतो आहोत
हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिसऱ्या रात्री भट्टीच्या तोंडातला जाळ पांढरा होतो.
हेल्डुर बोलत नाही, बोट दाखवतो:
दगड श्वास सोडतोय.
दिसत काहीच नाही. वर हवा थरथरते,
तिच्यातून चर्चचा मनोरा वाकडा दिसतो, बस्स.
शंभर किलो आत गेला होता,
छप्पन बाहेर येतो. आकार तोच.
उरलेले चव्वेचाळीस निघाले
बाल्टिकवरून, फिनलंडकडे,
जिकडे नुसतं बघायलाही
हेल्डुरच्या तरुणपणी परवाना लागायचा.

ओंडक्यांचा धूर वेगळा. ती स्प्रूसची सत्तर वर्षं.
त्या बदल्यात वाइके ओढ्याकाठी रोपं लावते.
"हिशेब जुळतो का?"
"सत्तर वर्षांनी ये," ती म्हणते, आणि ओंडका लोटते.

मग कळ्या पाण्यात. फुसफुस, उकळी, वाफ.
शाळेत आम्ही नळीनं फुंकायचो चुन्याच्या निवळीत,
निवळी दुधाळ व्हायची.
बाई म्हणायच्या, लिहा, निष्कर्ष.
लिहिला होता. कळला नव्हता.

आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं,
मी एकदा सांगितलं.
हेल्डुरनं बराच वेळ विचार केला.
"म्हणजे चाळीस वर्षं मी गावाला फसवतोय,
आणि गाव वर पैसे देतंय."

ऑगस्टमध्ये सालमेबाईंची खोली रंगवली.
ओला चुना हवेतून आपलं गेलेलं मागून घेतो,
कणाकणानं, घाई न करता,
आणि पुन्हा दगड होतो.
त्या भिंतीकडे तोंड करून त्या निजायच्या.
सगळा पानगळीचा काळ. दार बंद, खिडकी बंद,
खोकला, आणि दोन खोकल्यांच्या मधे
जे काही बाहेर पडायचं ते.
डिसेंबरात तेही थांबलं.

वसंतात वाइके बादली आणि कुंचला घेऊन आली,
दरवर्षीसारखी.
हेल्डुरनं भिंतीवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.
उमटलं नाही.
"ही सोड," म्हणाला.

त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला,
पावसानं जिथे पोपडा सुटलाय,
एक गोगलगाय चिकटलीय. चुना खरवडते,
शंखाला लागतो.
वाइकेनं तिला चिमटीत धरलं, भिरकावणार,
तेवढ्यात आतून आवाज:
"राहू दे. खाऊ दे तिला."