पंचेचाळीसच्या वेगाने

फानोर प्रत्येक रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लावायचा.
तबकडी तेहतीसची, कळ पंचेचाळीसवर.
कालीच्या ओब्रेरो वस्तीत तेव्हा सगळेच तसं करत,
रेडिओवालेसुद्धा.
न्यूयॉर्कहून आलेलं संगीत आम्हाला
जेवून सुस्तावलेल्या माणसासारखं वाटायचं
आणि आमच्या पायांना तेवढा धीर नव्हता.
म्हणून आधीच सांगून ठेवते,
माझी मतं वाकडी आहेत.

पाठमोऱ्या टोपीवाल्याचं चित्र असलेला तो अल्बम.
लोक त्याच्यापुढे हात जोडतात.
पहिली बाजू आहेच तशी: तीन ट्रॉम्बोन,
एकमेकांचं बोलणं तोडणारे सख्खे भाऊ.
दुसरी बाजू निव्वळ भरताड.
शेवटचं गाणं तर स्टुडिओचं भाडं फुकट जाऊ नये म्हणून उरकलेलं.
हे मी एलिएसेरच्या अंगणात, रविवारच्या बैठकीत बोलले
तेव्हा सहा म्हाताऱ्यांनी ग्लास खाली ठेवले.
एकाने विचारलं, बाई, तुम्ही करता काय?
म्हटलं, शिवणकाम.
शिवण कुठे उसवली ते मला दिसतं.

लाल कव्हरच्या अल्बमबद्दल कुणी बोलतच नाही.
गायिकेचं नाव मागे, मुंगीएवढ्या अक्षरात.
तिसऱ्या गाण्यात ती ओळ विसरते
आणि विसरल्याचं हसू तसंच राहिलंय आत.
त्या हसण्यावरून मी बाकीच्या चाळीस तबकड्या ओवाळून टाकीन.
टोपीवाल्याची पहिली बाजू सोडून.

आता युरानीचं. माझी भाची. ती फोनवर पाठवते.
अकरा गाणी, सत्तावीस मिनिटांत खेळ खलास.
‘मावशी, मत सांग.’
सांगितलं: ढोल इतका धुतलाय
की कातड्याचा वास राहिला नाही.
गाणारा मुलगा दुःखी आहे, खरा दुःखी,
पण दुःखाला इस्त्री मारलेली.
सातवं गाणं मात्र
सातव्यात तो कडव्याआधी श्वास घेतो
आणि तो कुणी कापलेला नाही.
रात्री तीनदा ऐकला.
युरानीला कळवलं नाही, पोरगी डोक्यावर चढून बसते.

मग फोनमध्ये वेगाचं बटण सापडलं. दीडपट.
बसथांब्यावर ती किंचाळली, ‘मावशी, हा कलाकाराचा अपमान आहे!’
शेजारची चोंताडुरोवाली
फळाला मीठ लावता लावता
पायाने ठेका धरून होती.

फानोरला जाऊन चौथं वर्ष.
ऑगस्टात उसाचे फड पेटवतात,
काळी राख तरंगत येते शहरावर,
उघड्या तबकडीवरही बसते.
ती पुसताना कोपर लागलं, कळ तेहतीसवर सरकली.
आमच्या लग्नातलं गाणं.
ज्यावर नाचताना माझ्या बुटाची टाच मोडली होती.

गाणारा पोरगा नव्हताच कधी.
जाड आवाजाचा, दमलेला बाप्या.
शब्द पहिल्यांदा सुटे सुटे कळले:
घर विकायला काढलंय,
बायको सामान बांधतेय,
त्याला कुणाचाच राग नाही.

एवढी वर्षं आम्ही त्या सामानावर नाचत होतो.

फडकं हातात घेऊन उभी राहिले.
गाणं चांगलं आहे. लय जरा जास्तच सैल,
पियानो मधेच डुलकी काढतो.
तरी चांगलं आहे.

रविवारी एलिएसेरला विचारलं, तुला माहीत होतं?
तो शेंगदाणे सोलत म्हणाला, फानोरलाही होतं.
त्यानेच बजावलेलं, हिला सांगू नका,
छान नाचते.

गाढव.

बाकी, टोपीवाल्याची दुसरी बाजू
माझ्या मते अजून भरताडच.
फक्त ते शेवटचं गाणं
मी तेहतीसवर ऐकलेलं नाही.
उद्या वीज असली तर ऐकीन.
आणि युरानीला त्या श्वासाचं कळवायचं राहिलंय.