उतार

रात्रपाळी संपवून चहाच्या कारखान्यातून
मी घरी पोचतो तेव्हा तीन वाजलेले असतात
आणि गुलिझार खिडकीशी खुर्चीत बसलेली असते,
पाठ ताठ, हनुवटी वर,
काठोकाठ भरलेली घागर
सांडू नये म्हणून धरून ठेवल्यासारखी.

"कुठवर आलंय?" मी विचारतो.
ती नुसतं बोट ठेवते गळ्यावर.
इथवर.

सातवा महिना. रिझेच्या वरचं आमचं गाव,
खाली काळा समुद्र, मधे सगळा चहाच चहा,
आणि तिला चहा बंद.
तिला, जी दिवसाला चौदा ग्लास रिचवायची,
जिच्या बोटांवरचे खुडणीचे डाग
लग्नाच्या मेंदीतूनही दिसत होते.

दाई नेर्मिन आली, वही उघडून बसली:
चहा नको, तळलेली हाम्सी नको,
लोण्यात वितळवलेलं चीज तर नावही काढू नको.
थोडं थोडं खा, दिवसातून सहादा.
जेवून लगेच आडवी होऊ नकोस.
"मग उरलं काय?" माझी आई म्हणाली,
"या घरात त्या तिन्हीशिवाय
कुणी जगलेलं नाही."

पण तिनेच दुमजली किटली उचलून
कपाटाच्या वर ठेवली, मागे, पिठाच्या डब्याआड.
स्वतः शेजारी जाऊन पिऊन येते
आणि परत आल्यावर बराच वेळ
सुनेच्या जवळ जात नाही.

शेजारीण खायचा सोडा घेऊन आली होती.
दाईने पुडी तिच्याच हातात परत दिली.
आईने मात्र फुटाणे आणले, चोरुमचे, साधे भाजलेले:
मूठभर, सावकाश चावायचे, घाई नाही.
आता काळोखात माझ्या कानाशी
कुणीतरी बारीक खडी फोडत असतं.
त्यावर दोन चमचे गार दही.
कधी उतार पडतो. कधी नाही.

"जितकी जळजळ तितकं जावळ,"
आई तिच्या पोटाकडे बघत म्हणते.
"रेजाईच्या वेळी मी रात्रभर उभी असायची,
आणि हा आला तो टोपी घातल्यासारखा."
मी माझ्या टकलावरून हात फिरवतो.
गुलिझार हसते, आणि हसलं की वर येतं.

मग मी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
दोन दोन विटा घातल्या.
गाव उतारावर, मळा उतारावर,
आता झोपही उतारावर.
ती डाव्या कुशीवर, उशी पाठीला लावून,
आणि मी पहाटेपर्यंत घसरत घसरत
पायथ्याशी, माझ्याच पायमोज्यांशेजारी.
आई म्हणाली, "आपल्या माणसांना
उतारा मिळायचा तर उतारावरच मिळणार."

एक गोष्ट दाईच्या वहीत नाही.
वाळत्या पानांचा वास माझ्या शर्टात मुरलेला असतो.
गुलिझार माझी बाही ओढते, नाकाशी धरते,
डोळे मिटते,
आणि एकेक घोट घेते.
"हा वर येत नाही," म्हणते.
त्या महिन्यांत मी कारखान्यातून
कपडे बदलून आलो नाही.

ऑक्टोबरात मुलगी झाली.
आईने दिव्याखाली धरून केस मोजले: नऊ.
"येतील," म्हणाली, "एवढी आग
फुकट जात नाही." आणि खुर्चीवर चढून
तिने किटली खाली काढली.

पहिला ग्लास गुलिझारने प्यायलाच नाही.
दोन्ही हातांत धरून बसली, निवेपर्यंत.

विटा अजून तिथेच आहेत. काढ म्हणते ती,
पण मला आता सपाटीवर झोप येत नाही.
पोर माझ्या छातीवर झोपते,
रात्रभर घसरत पोटापर्यंत येते,
मी तिला पुन्हा वर ओढतो,
आणि ती माझ्या शर्टावर
आंबट दुधाची एक गुळणी टाकते,
बरोबर इथे.