टक्

काल दुपारी झुग्दिदीहून चार तास घाट चढून आली,
साधी शिंकलीसुद्धा नाही.
आज पहाटे, उणे बारामध्ये,
स्टार्टर गरगर फिरतोय
आणि इंजिन ढिम्म.

सत्त्याण्णव सालची डेलिका, जपानहून जहाजाने आलेली,
स्टिअरिंग उजवीकडे.
डॅशबोर्डवर पिवळं स्टिकर आहे, काहीतरी सूचना असावी,
आमच्या अख्ख्या मुलाखीत कुणाला वाचता आलेली नाही.
मुश्नी म्हणायचा, लिहिलंय की बायकोच्या हाती देऊ नये.
आता तो व्रोत्सवाफच्या एका गोदामात खोकी उचलतो
आणि दोन हिवाळे मीच चालवतेय.

मागच्या सीटवर त्सिउरी, घोंगडी लपेटून.
आज तिचा डायलिसिसचा वार. ती घाई करत नाही,
फक्त पिशवीतली भाकरी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवते.

कुंपणापलीकडून बेकमुर्झाचं निदान:
डिझेल गोठलं. टाकीत वाटीभर दारू ओत.
त्याच्याकडे सगळ्या रोगांवर हेच औषध,
आधी वैद्याने घ्यायचं.

मी फोन लावला. तिथे रात्रीचे तीन, रात्रपाळी.
"बॅटरी?"
"जोरात फिरवतेय."
"धूर?"
मागे जाऊन बर्फात वाकले. "नाही."
"पांढरा? थोडासा तरी?"
"नाही म्हणतेय ना."
"मग थंडीचा दोष नाही. हीटर गेले असते तर
पांढरा धूर ओकली असती. डिझेल आतच जात नाहीये.
फिल्टरवरचा पंप हाताने दाब."
दाबला. घट्ट लागला.
"म्हणजे हवाही धरलेली नाही."

तो असाच. मागच्या महिन्यात टेक्ला तापाने फणफणली होती
तेव्हा त्याने विचारलं, टायर बदललेस का.
मी म्हटलं, बदलले.
(दवाखाना खाली पायथ्याला आहे, हे मला नंतर सुचलं.)

"सीट उचल," तो म्हणाला.
या गाडीचं काळीज ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं.
"पंपाच्या मागे बोटाएवढी डबी दिसेल.
टेक्लाला सांग, चावी नुसती ऑन करायची, मग बंद, मग ऑन.
डबी टक् वाजायला हवी."

मी फोन इंजिनात धरला.
टेक्लाने चावी फिरवली.
"पुन्हा," फोन म्हणाला.
मध्ये अख्खा काळा समुद्र, आणि तो कान देऊन.
"पुन्हा."
बेकमुर्झासुद्धा गप्प.
"नाही वाजत," मी म्हटलं.
"नाही," तो म्हणाला, "मलाही नाही आलं ऐकू."

डबीला वीज मिळाली नाही की ती दार लावून घेते.
डिझेल उंबऱ्यापर्यंत येतं
आणि उभं राहतं.

डबीवरची तार ओढली, तर टोकाला हिरवा गंज, हातातच आली.
गोठ्यातल्या दिव्याची वायर तोडली,
दातांनी सोलली, बोटं वळतच नव्हती.
एक टोक बॅटरीच्या प्लसला,
दुसरं डबीला टेकवलं.

टक्.

एवढासा आवाज. नखावर नख आपटावं तसा.
त्यालाही ऐकू गेला असणार,
कारण दोघंही काही बोललो नाही.

मग स्टार्टर, एक गचका, काळा लोट,
बेकमुर्झाच्या कोंबड्या दाही दिशांना.
"बंद करू नकोस," तो म्हणाला. "जरा ऐकू दे."
मी फोन तिथेच ठेवला आणि काचेवरचा बर्फ खरवडत राहिले.
परत उचलला तेव्हा तिकडे कुठलीतरी गाडी
मागे येताना वाजते तशी पिपाणी वाजत होती,
आणि तो घाईत:
"आणि ऐक, आता चावी काढलीस तरी ती थांबायची नाही.
थांबवायची असेल तर तार हाताने काढ."

झुग्दिदीत, रुग्णालयाच्या आवारात,
त्सिउरी आत गेली.
चावी माझ्या कोटाच्या खिशात
आणि गाडी चालूच.
पहारेकरी हातवारे करत येत होता.
मी सीट उचलली, तार चिमटीत धरली,
ऊब होती तिला.
येऊ दे त्याला इथपर्यंत.