पान एकशे बारा

समितीला सोमवारपर्यंत यादी हवी आहे.
ग्रंथालयात मी एकटी, पायाशी हीटर,
बाहेर प्लेवेनचा बर्फ जुना होऊन राखाडी पडलेला.

रादुलोवा, त्स्वेताना. मूत्रपिंडविकार.
शोधनिबंध एकसष्ट. संदर्भ दोन हजार नऊशे चार.
एच-निर्देशांक चौदा.
म्हणजे काय, शिपाई क्रूम विचारतो.
म्हटलं, तिचे चौदा निबंध असे, की प्रत्येकाला
निदान चौदा जणांनी नावानं हाक मारली.
तो झाडू भिंतीला टेकवतो :
'आणि बाकीचे काय, मुकेच राहिले?'

दोन हजार तीनशे बारा हाका एकट्या एका टिपणाला.
दीड पान. सत्त्याऐंशी साल.
गाडी बंद पडली, मेकॅनिक येईना, तेव्हा रागारागानं
एका दुपारीत लिहिलेलं :
दह्याच्या बरणीत, खडबडीत रस्त्यावर,
लघवीचा नमुना तीन दिवस नासू नये म्हणून
काय घालावं, किती थंड ठेवावं.
एवढंच.
आता सोलपासून टोरांटोपर्यंत
कुणीही फ्रीझर उघडला की तिचं नाव घेतो,
तेही चुकवून. रादोलोवा.
पान एकशे बाराऐवजी एकशे एकवीस.
पहिल्यानं चुकवलं, दुसऱ्यानं त्याचं पाहून उतरवलं,
मग मेंढरं.
मी तो जुना अंक तळघरातून काढून पाहिला :
पान एकशे एकवीसवर
निर्जंतुकीकरणाच्या भट्टीची जाहिरात आहे,
आणि भट्टीशेजारी हसणारी एक नर्स.

जो तिला प्रिय, तो निबंध चौऱ्याण्णवचा.
गोर्ना लिपा, ओढ्याकाठची अठ्ठावीस घरं.
अकरा वर्षांचं काम.
संदर्भ चार.
दोन तिचे तिनंच दिलेले,
एक सोफियाच्या प्राध्यापकांचा, 'असहमत' म्हणण्यापुरता,
आणि एक फार लांबून, उसाच्या कुठल्याशा मुलखातून,
स्पॅनिशमध्ये, एकच वाक्य :
'म्हणून आम्हीही विहिरीपासून सुरुवात केली.'

आमच्याकडे माणूस गेलं की कागद छापतात.
काळी चौकट, फोटो, नाव, वय.
फाटकावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात.
चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा,
घरात कुणी उरलं असेल तर दहा वर्षांनीही.
गोर्ना लिपात रादुलोवा बाई ते वाचत फिरायच्या,
वहीत फाटकाचा क्रमांक, वय, विहीर कुठली.
पिवळा कागद, पांढरा कागद,
एकाच दारावर तीन पिढ्यांचे अंक.

स्तोयना नावाच्या एकीनं त्यांना आत बोलावून
सूप वाढलं, आणि म्हणाली,
जपून लिहा हं, डॉक्टर,
माझ्या सासूचं वय त्या कागदावर चुकलंय,
छापणाऱ्यानं दोन वर्षं खाल्ली.
ती निबंधात टीप नऊ झाली.
टीप नऊ आजवर कुणी उद्धृत केलेली नाही.

काल बाई पुस्तक परत करायला आल्या,
हातमोजे काढता काढता विचारलं, कामात आहेस का.
मी सांगितलं : पान दुरुस्त करायची सोय आहे,
पण केलं तर संगणक ते दोन वेगळे निबंध समजेल,
चुकलेले सगळे संदर्भ अनाथ होतील,
तुमच्या नावावर त्या टिपणाचे जेमतेम चारशे उरतील.
करू?
त्यांनी मान आडवी हलवली.
इकडे त्याचा अर्थ 'हो'.
परगावचा कुणी असता तर
त्यानं आकडा तसाच ठेवला असता.

आकडा पडला. पडताना आवाज आला नाही.
क्रूम म्हणाला, आता बक्षीस दुसऱ्याला जाणार.
जाईल.

अर्जाच्या तळाशी एक चौकट असते :
'इतर प्रभाव, असल्यास.'
बहुतेक जण तिथे रेघ मारतात.
मी पेन उघडलं, थोडा वेळ हीटरवर हात शेकले,
आणि स्तोयनाच्या सासूचं वय लिहिलं.
एकोणसाठ.