परतीची तारीख

आमच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा.
वालपराइसोच्या टेकडीवर पत्र्याच्या भिंती तापतात
आणि आत, तिसऱ्या कपाटात,
इंग्रजांचा बर्फ पडत असतो.
मिसेस लॉकयर पंख्याखालची खुर्ची धरून
त्यातलाच एखादा गारठलेला खून मागतात:
"तो गं, पाद्री मरतो तो."
पाद्री मरतात अशी आमच्याकडे सात पुस्तकं आहेत.

मी ओफेलिया बारियेंतोस. नोंदवही माझ्याकडे असते.
इंग्रजी मी इथंच शिकले, नुसती वाचून.
कितीतरी शब्दांना मी आतून ओळखते,
तोंडानं हाक मारता येत नाही.
सुरीला मी तीन वर्षं 'क्नीफे' म्हणत होते.
एकाही सभासदानं दुरुस्त केलं नाही.
याला ते सभ्यपणा म्हणतात.

फेब्रुवारीत वरच्या टेकड्या पेटल्या.
एलेउतेरियो आणि मी
खिडक्यांच्या फटींत ओल्या चादरी कोंबत बसलो.
वर माणसांची घरं राख होत होती
आणि आम्ही पुस्तकं राखत होतो.
हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं.
आज सांगितलं.

मार्च. वार्षिक सभा. हजर पाच.
छपराला इतके, वाळवीला इतके,
मिस्टर पेन्ड्रिल चष्मा पुसत वाचतात.
ठराव: वाचनालय यंदाही बंद करू नये.
सूचक तेच. अनुमोदकही, चुकून, तेच.
मग चहा.

जूनमध्ये धुकं बंदरातून जिने चढून वर येतं,
पाय न पुसता आत शिरतं.
पानं पानांना चिकटतात.
मी त्यांच्यात टाल्कम पावडर भुरभुरते,
तान्ह्या बाळांच्या मानेला लावावी तशी.
आख्ख्या महिन्यात एकच वाचक:
रोदेल नावाचा फिलिपिनो खलाशी.
त्याचं जहाज गुरुवारी सुटणार होतं,
मी परतीची तारीख सोमवारची टाकली.
दोघांनाही कळलं होतं.

जुलैत मिसेस लॉकयर गेल्या.
भाची घर आवरायला आली, तिला पलंगाखाली
आमची एकतीस पुस्तकं सापडली.
"दंड किती होतो?" तिनं विचारलं.
मी रात्रभर हिशेब केला.
छप्पर नवं झालं असतं.
सकाळी वहीत लिहिलं: माफ.
पेन्ड्रिल अजून माझ्याशी तुटक बोलतात.

सप्टेंबरात, झेंड्यांच्या आठवड्यात, जमीन हलली.
चाळीस सेकंद. मग धूळ, मग कुत्री.
सगळी इंग्लिश भाषा जमिनीवर उताणी.
एम्पानाडावाली नोल्बेर्ता आली, लिफ्टवाले आले,
शाळेतली पोरं रांग लावून उभी राहिली,
हातातून हातात पुस्तकं वर गेली.
कुणालाच वाचता येत नव्हतं,
म्हणून रंगाप्रमाणे लावली, आणि उंचीप्रमाणे.
निळ्यात मधमाश्यापालन, निळ्यात प्रार्थना.
हव्या त्या पुस्तकाचा पत्ता लागेना,
तेव्हा लोक नको ते घेऊन जाऊ लागले.
त्या महिन्यात एकोणीस पुस्तकं बाहेर गेली!
समिती म्हणते, पुन्हा अक्षरानुसार लावा.
लावतेय. माझे गुडघे दुखतात, वेळ लागतो.

शिक्क्यातलं वर्षाचं चाक गेल्याच वर्षी संपलं.
पुढचा आकडा त्या रबरावर नाहीच.
मी महिना उमटवते, दिवस उमटवते
आणि साल हातानं लिहिते.

डिसेंबर. पत्रे पुन्हा तापलेत.
रोदेलचं पार्सल आलं, कोरियाचं तिकीट, माशांचा वास,
पुस्तकात खूण म्हणून जेवणाची पावती.
नोल्बेर्ताची मायते, नऊ वर्षांची,
चित्रातल्या बर्फावर बोट ठेवून विचारते,
"हे खरंच एवढं पांढरं असतं?"
"माहीत नाही गं," मी म्हणते.
मग ती खालच्या ओळीवर येते,
एकेक अक्षर चिमटीत धरून वाचते:
क्नी-फे.

पंखा कुरकुरतो.
मी पेन उघडते, साल लिहिते.