पंचावन्न किलोच्या आत

उद्या दारव्ह्याला निवड. जिल्ह्याचे बारा पोट्टे.
दिवस कलला तसा अर्धा गाव माझ्या काट्यापाशी जमला,
सोयाबीनच्या थप्पीला टेकून, खर्रा घोटत,
कोण जाईल, कोण घरी बसेल.

"ढोक्याचा नयन पक्का. त्याची उडी पाह्यली काय?
तिघाईच्या डोक्यावरून गेला थो बोरीच्या सामन्यात."
"उडी हाय, दम नाई. चवथ्या चढाईले जीभ बाहेर."
"मंग सोहेल. घोटा धरला का सोडते काय थो?"
"पंचाचा बी धरला होता ना बाप्पा, ईसरला काय?"
यावर सगळे हसले, सोहेलचे वडीलही.

शालिकभाऊंकडे वही आहे.
तीन सालचे सामने, गुण, बोनस,
कुणाचा कोणता गुडघा कधी सुजला होता.
त्यांचा स्वतःचा मुलगा नववीत की दहावीत
हे त्यांना थांबून आठवावं लागतं.

अंकुश टेकामवर वाद नाही.
त्याचं नाव निघालं की माणसं आवाज खाली घेतात,
धुऱ्यावर ससा दिसल्यावर घेतात तसा.
डावा कोपरा. पंधरा वर्षांचा. बोलणं जवळपास नाहीच.
चढाईला आलेल्याला तो आधी दिसतच नाही,
नंतर दिसतं ते आकाश.

सवाल वजनाचाच. परवा छप्पन्न भरला होता.
कालपासून पाण्यावर आहे, केसही काढून टाकले.
शर्ट काढून, चपला बाजूला ठेवून
तो पत्र्यावर चढला, आणि लाल आकडे
थोडे इकडे, थोडे तिकडे करत थांबले.
चोपन्न नऊशे.

"बसला! बसला रे बसला!"
कुणीतरी त्याच्या हातात केळ दिलं,
दुसऱ्याने लगेच ओढून घेतलं.
फाटकापाशी त्याची आई उभी होती.
"अंगणवाडीच्या कारडावर लाल रेघेखाली होता हा," ती म्हणाली,
"बाई घरी येऊन मले बोलून जाये,
भरव त्याले, भरव."
तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
वर चढाईला पाठवायचा की कोपऱ्यातच ठेवायचा
यावर दोन तट पडले होते.

मला माझा काटा माहीत आहे.
गेल्या दिवाळीआधी शेठ एका मिस्त्रीला घेऊन आले,
मला चहा आणायला पाठवलं.
तेव्हापासून तो पोत्यामागे अर्धा किलो खातो.
पोतं काय, पोरगं काय, त्याला सारखंच.
रिकामा असला की तेवढा खरं बोलतो.

मी वाकून, चपला घालणाऱ्या अंकुशला हळूच म्हणालो,
"अर्धा किलो अजून उतरव. रातच्याच्या रात."
"पण बसलो ना मी?"
"उतरव म्हणतो ना."
त्याने माझ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही.
कुणाचं तरी जाड स्वेटर मागून घेतलं
आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात
शाळेच्या मैदानाकडे पळत गेला.

"काहून रे?" शालिकभाऊ म्हणाले.
"चोपन्न नऊशे हाय. अर्धा कायचा?"
मी पत्रा पुसायला घेतला.
पत्रा स्वच्छच होता.
खर्रा घोटणारा हात थांबला, मग दुसरा.
ढोके थप्पीवरून उठून उभे राहिले,
जणू ती गरम लागली.

शालिकभाऊंनी वही मिटली,
उलटी केली, मागच्या बाजूने उघडली.
त्या बाजूला कबड्डी नव्हती.
बोट फिरवत फिरवत ते एका पानावर थांबले.
"माहे पोते किती होते रे मागच्या साली?"
"एकेचाळीस," मी म्हणालो.
मला शोधावं लागलं नाही.

मैदानावरून पोरांचा आवाज येत होता.
ते त्याच्या फेऱ्या मोजत होते.
सोळा.
सतरा.