बांधणीला आलेली एर्मेलिंदा

व्हियाना दु काश्तेलू, नगर-वाचनालयाचं तळघर.
इथे नदी भिंतीतून आत झिरपते
आणि सरस कायम आंबलेला.
एकोणीस वर्षं मी पुस्तकं शिवते.

कण्यावर बोट फिरवलं की कळतं,
कुठलं पुस्तक कुठे उघडत आलंय.
पाककृतींचं, सुक्या कॉडपाशी.
संतचरित्रांचं, जिथे कातडी सोलतात.
कादंबऱ्यांचं,
बाई पहिल्यांदा खोटं बोलते तिथे,
आणि मग एकदम शेवटी.

आज एर्मेलिंदा आली. तिसऱ्यांदा.
मागच्या दोन्ही वेळी नुसता कणा मोडला होता.
आता शेवटची सत्तेचाळीस पानं नाहीत.
फाडलेली नव्हेत. कापलेली,
पट्टी लावून, वस्तऱ्याने, शिंपिणीच्या हाताने.

मला ती पाठ आहेत.
तो लिस्बनला जातो, कर्ज करतो,
ब्राझीलहून साखरेचा पैसा आणलेल्या कुणाच्या तरी मुलीशी
लग्न करतो.
ही पत्रं लिहिते. आधी जांभळ्या शाईने, मग शिसपेन्सिलीने.
मोलकरणीच्या पाया पडते.
टपालवाल्याला आईची कर्णफुलं काढून देते
न आलेल्या पत्रासाठी.
मग वेड. चार पानं, सुबक,
पांढरा झगा, अनवाणी पाय, मुठीत रोझमेरी,
आणि वेड लागूनसुद्धा केसांत एक गुंता नाही.
मग विहीर.
लेखकाला विहिरींचा भारी सोस.
पाच कादंबऱ्या, तीन विहिरी.

वेड मी पाहिलंय.
माझी मावशी झुल्मिरा.
तिचा माणूस न्यूफाउंडलंडला मासेमारीला गेला
आणि तिकडेच दुसरी चूल मांडून बसला.
जाण्याआधी एकदा म्हणाला होता, सूप अळणी झालंय.
त्यानंतर ती सगळ्यात मीठ घालायची. कॉफीतही.
जाड झाली. पुढचे दात गेले.
बाजारात सार्डिनच्या भावावरून तासभर भांडायची
आणि भांडता भांडता आवाज उतरवून विचारायची,
"त्याचं काही आलंय का?"
कोळीण म्हणायची, "पुढच्या बोटीने, झुल्मिरा,"
आणि पारड्यात दोन मासे जास्त टाकायची.
तिला कुणी चार पानं दिली नाहीत.
शुक्रवार दिले.

आणि मी?
दोन हिवाळे एका वकिलाच्या कारकुनाच्या खिडकीखाली उभी होते.
धुक्यात त्याने मला भिकारीण समजून
वरून एक नाणं टाकलं.
मी ते उचललं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
आजही कागदाची घडी मी त्याच्याच कडेने दाबते,
हाडाच्या पट्टीपेक्षा बरी बसते.

वाचनालयाच्या कार्डावर आठ नावं. आठही बायका.
कुणाच्या हातात वस्तरा होता, ते विचारायला मी जाणार नाही.
पण पान एक्केचाळीसवर
पेन्सिलीची एक रेघ आहे, इतकी फिकट
की दिव्याखाली तिरकं धरावं लागलं:
लहानपणी एर्मेलिंदा नदी पोहून पलीकडे जायची
आणि ओल्या कपड्यांनी मेंढ्या मोजायची.

लेखक विसरला होता.
मीही, इतक्या वेळा वाचून.
समासात त्याच पेन्सिलीने तीन शब्द:
"पोहता येत होतं."

सेन्यॉर अबीलिओ म्हणाले,
ब्रागाला दुसरी प्रत आहे, पानं टंकून मागवा.
पत्र लिहून ठेवलंय.
तिकीट लावलेलं नाही.

आता पुस्तक संपतं तीनशे अकरावर.
एर्मेलिंदा स्वयंपाकघरात शेंगा सोलतेय,
रस्त्यावर घोडागाडी थांबते,
"आणि ती दाराकडे न बघता"

पुढचा शब्द मला माहीत आहे.
मी सरस लावला, कडा जुळवल्या,
नाण्याने घडी दाबली,
आणि तिला रात्रभर शिकंजात ठेवून
वरचा दिवा मालवला.